तबकडीची दुसरी बाजू

कल्याण गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव ऐकून मागे एकदा रात्री उशिराच्या लोकलने डोंबिवलीला परत येत होते. शेवटी किराणा घराण्याचं गाणं झालं होतं आणि त्यात अर्थातच झिंझोटीतली ती ठुमरी. तिचे बोल इथे देत नाही, तुम्हाला ते पाठच असतील. समोर बसलेल्या काकूही तिथूनच निघालेल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "मूळ खाँसाहेबांची ऐकलीये का? बायको मुलांना घेऊन निघून गेली ना, त्यानंतर तो सूर लागला त्यांना. आधी तसा नव्हता." ठाकुर्ली कधी गेलं कळलंच नाही. डोंबिवलीला उतरले, पण हे वाक्य काही उतरेना.

कारण ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आजोबांकडे पेटीचा ग्रामोफोन होता. त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लागली की ते हेच सांगायचे, आणि सांगताना आवाज खाली आणायचे. गाणं जितकं सुंदर, तितकी ती बाई आम्हा मुलांना दुष्ट वाटायची. तिचं नाव आजोबांनी कधी सांगितलं नाही. "बायको" एवढंच.

तिचं नाव ताराबाई माने. आणि तीही गाणारी होती.

तर मंडळी, आज जरा जुनी गोष्ट, पहिल्यापासून.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. या गावाच्या नावावरूनच आपण किराणा घराणं म्हणतो (वाणसामानाशी काही संबंध नाही, शाळेत असताना मला तसंच वाटायचं). घरात गाणं आणि सारंगी. तिकडच्या रिवाजाप्रमाणे लग्न नात्यातच झालं होतं. बायको गफूरन, म्हणजे त्याच घराण्यातले दुसरे मोठे गवई अब्दुल वहीद खाँ यांची बहीण. हे नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विशीत असताना खाँसाहेब भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर बडोद्याला आले. तेव्हा बडोद्याच्या गादीवर सयाजीराव गायकवाड होते आणि संस्थानात गवयांना आश्रय होता. भावांच्या जोडीला दरबारात जागा मिळाली. तिथे सरदार मारुतीराव माने यांच्या मुलीला, ताराला, गाणं शिकवायचं काम खाँसाहेबांकडे आलं. माने म्हणजे राजघराण्याच्या नात्यातलं घर. शिकवणारा बाहेरगावचा मुसलमान गवई, आधीच लग्न झालेला. शिकणारी सरदाराची मराठा मुलगी.

पुढे काय झालं हे सांगायला नकोच. दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि संस्थान सोडावं लागलं. एकोणिसावं शतक संपत आलं होतं. गवयाच्या दृष्टीने दरबार सुटणं म्हणजे बांधलेला पगार, मान आणि आडोसा सगळं एकदम जाणं. आणि तिच्या दृष्टीने? माहेर, जात, धर्म, नाव, सगळंच. तो गेला तर गवई म्हणून कुठेही उभा राहू शकत होता, गळा त्याच्याबरोबर होता. ती गेली ती फक्त त्याच्याबरोबर. या प्रेमकथेचा हिशेब मांडताना बरेच जण इथेच चुकतात असं माझं मत आहे. पहिली उडी दोघांनी मारली, पण तिची उंची सारखी नव्हती.

दोघं मुंबईला आले आणि नंतर मिरजेत स्थिरावले. मिरज तेव्हाही तंबोऱ्यांचं गाव होतंच. मुलं झाली. १९०२ साली अब्दुल रहमान, १९०५ साली चंपाकली, मग गुलाब, पापा, आणि १९१३ साली सकीना. ही नावं मुद्दाम देते आहे.

खाँसाहेबांचं नाव दक्षिणेपर्यंत पोचलं. म्हैसूरच्या दरबारात ते गाऊ लागले. कर्नाटक संगीत त्यांनी नुसतं ऐकलं नाही, त्यागराजांची कृती तबकडीवर गायले आणि तिथली सरगमची रीत आपल्या गाण्यात आणली. एका उत्तर हिंदुस्तानी उस्तादाने असं करणं तेव्हा फारच वेगळं होतं. इकडे सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींच्या मोजमापाच्या नादात होते. त्या कामात खाँसाहेबांच्या गळ्याचा उपयोग झाला. श्रुती तोलायला नेमका सूर लावणारा माणूस लागतो, तो यांच्याइतका कोण सापडणार!

आणि मग शाळा. १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. त्याआधी दोन वर्षं, १९११ साली, भास्करबुवा बखल्यांनी पुण्यातच भारत गायन समाज काढला होता (हेच ते देवगंधर्व, ज्यांच्या नावाने कल्याणचा महोत्सव होतो). एकाच गावात एवढे दोन गवई दोन शाळा चालवत होते, त्या काळच्या पुणेकरांचा हेवा वाटतो. खाँसाहेबांच्या शाळेत विद्यार्थी राहायला असत. जेवणखाण गुरूकडे, खर्च भागवायचा जलशांतून. आता एवढ्या मुलांचा स्वयंपाक, आजारपणं, भांडणं, शिवाय स्वतःची पाच मुलं, हे सगळं कोणी निभावलं असेल ते मी सांगायला नको. चरित्रग्रंथात "विद्यालयाची व्यवस्था" असा शब्द आला की मला नेहमी एक बाई दिसते. तिच्या गळ्यातही रियाज असतो आणि त्याला वेळ नसतो.

१९२२ साली ताराबाई वेगळ्या झाल्या. मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या.

हे साल आपल्या गाण्याच्या इतिहासात विलक्षण आहे. फेब्रुवारीत गदगकडे भीमसेन जोशी जन्मले. एप्रिलमध्ये भास्करबुवा गेले. त्याच वर्षी कुरुंदवाडला भूगंधर्व रहिमत खाँ गेले. आणि त्याच वर्षी हे घर मोडलं.

भांडण कशावरून, चूक कोणाची, याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. शंभर वर्षांनी दुसऱ्याच्या घरातली भांडी मोजू नयेत. पण एवढं दिसतं की वीस-पंचवीस वर्षांच्या संसारानंतर, कुठे परत जायची सोय नसलेली एक बाई पाच मुलं घेऊन निघाली. सहज कोणी निघत नाही.

खाँसाहेब त्यानंतर मिरजेलाच राहिले. पुढे बनूबाई लाटकर या शिष्येशी त्यांनी लग्न केलं. त्या सरस्वतीबाई मिरजकर या नावाने गात. खाँसाहेबांचं गाणं मात्र बदललं. शांत, आत वळलेलं, करुण झालं. हा बदल जुन्या जाणकारांनी नोंदवला आहे, आणि त्याचं कारण म्हणून बोट १९२२ सालाकडे दाखवलं गेलं. काकूंनी लोकलमध्ये सांगितलं ते हेच.

हे पडताळून पाहायची सोय आहे, कारण खाँसाहेबांच्या तबकड्या दोन वेळच्या आहेत. एक १९०५च्या सुमारासच्या. दुसऱ्या १९३०च्या दशकाच्या मध्यावर ओडियन कंपनीने काढलेल्या, ज्यात झिंझोटी आहे. आता दोन्ही नेटवर सापडतात, घरात बसून एकापाठोपाठ एक ऐकता येतात. मी एका रविवारी तेच केलं. (जेवण त्या दिवशी बाहेरून आलं.)

फरक आहे, नाही कसा. जुन्या तबकडीतला माणूस तरुण आहे, घाईत आहे, दोन-तीन मिनिटांत आपल्याला काय काय येतं ते दाखवायचं आहे. ताना झपाझप येतात. नंतरच्या तबकडीत तोच बारीक, धारदार आवाज एखाद्या स्वरावर जाऊन थांबतो आणि तिथून हलतच नाही. दोन्ही तबकड्यांची लांबी सारखीच, साधारण तीन मिनिटं. पण नंतरचं गाणं दुप्पट मोठं वाटतं. झिंझोटीत तर तो एकेका स्वराला असा हळूच हात लावतो की आपण श्वास धरून बसतो. काकूंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

पण तीस वर्षांत फक्त बायकोच गेली नव्हती. पहिल्या तबकडीच्या वेळी गवयाला भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गावं लागायचं, हळुवार स्वर मेणावर उमटायचाच नाही. १९२५ पासून मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि कुजबुज सुद्धा पकडता यायला लागली. म्हणजे जो हळवेपणा आपण १९२२ सालच्या खात्यावर जमा करतो, त्यातला काही तरी वाटा या यंत्राचा आहे. खाँसाहेब १९०५ साली मैफलीत असेच गात असतील आणि भोंग्याला ते ऐकूच आलं नसेल, असंही असू शकतं.

दुसरं म्हणजे रहिमत खाँ. ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ यांचे हे चिरंजीव, अर्धवट फकिरी वृत्तीचे, विष्णुपंत छत्र्यांनी सांभाळलेले. हो, तेच सर्कसवाले छत्रे. सर्कशीच्या मालकाने एका भटक्या गवयाला जपलं, ही स्वतंत्र गोष्ट आहे, कधीतरी लिहीन. खाँसाहेब त्यांच्या गाण्यावर लुब्ध होते. यमुनाकाठची भैरवीतली ठुमरी आधी रहिमत खाँची ऐका आणि मग अब्दुल करीम खाँची. ती पोकळीत सोडलेली आर्त हाक आधी कोणाकडे होती ते लगेच कळतं. म्हणजे दुःखाचा हा उच्चार खाँसाहेबांनी आधीच, घर शाबूत असताना, दुसऱ्या एका गळ्यातून घेतला होता. आपलं दुःख आलं तेव्हा सांगायची भाषा तयार होती.

आणि तिसरं वय. पन्नाशी उलटल्यावर ताना आपोआप कमी होतात हो, कोणालाही विचारा.

एवढं सगळं लक्षात घेऊनही झिंझोटी ऐकताना मला वाटतं की त्यात ताराबाई आहेत. हे सिद्ध करता येणार नाही. विरहाची ठुमरी शेकडो गवयांनी गायली, त्यात नायिका म्हणते की प्रिय नाही तर जिवाला स्वस्थता नाही. रिवाजाप्रमाणे पुरुष गवई बाईच्या तोंडचे बोल गातो. म्हणजे गेलेल्या बाईचं दुःख राहिलेला पुरुष बाईच्याच शब्दांत सांगतो. ही ठुमरीची रीतच आहे, त्यात खाँसाहेबांची म्हणून काही युक्ती नाही. पण या एका माणसाच्या बाबतीत ती रीत ऐकताना काळीज हलतं.

माझी तक्रार त्यांच्या गाण्याबद्दल नाही, गोष्ट सांगणाऱ्यांबद्दल आहे. गोष्ट इथेच थांबते. त्याला गाणं मिळालं, संपलं. तिला काय मिळालं?

ताराबाईंनी पहिली गोष्ट केली ती मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकलीची हिराबाई झाली आणि पुढे बडोदेकर. गुलाबची कमलाबाई, पापाचे कृष्णराव, आणि सकीनाची सरस्वती, म्हणजे लग्नानंतरच्या सरस्वतीबाई राणे. ज्या बडोद्याने आईला बाहेर काढलं त्या गावाचं नाव लेकींनी आडनाव म्हणून लावलं, आणि मुलगे आईच्या माहेरचे माने झाले. बापाचं नाव पुसलं म्हणून कोणी याला सूड म्हणेल. मला वाटतं, १९२२ सालच्या पुण्या-मुंबईत पाच मुलं घेऊन घर भाड्याने मागणाऱ्या बाईला नावाचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. (आज आपल्या डोंबिवलीत तरी भाड्याने घर देताना नाव-आडनाव विचारत नाहीत असं कोणी छातीठोक सांगावं.)

नावं बदलली, पण गाणं बदललं नाही. मला या सगळ्यात सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट. ज्या माणसाला सोडलं त्याचं गाणंही घरातून हाकलून देता आलं असतं. मुलींना शिकवून मास्तरीण करायचं, मुलग्याला कुठेतरी चिकटवायचं, कोणी नावं ठेवली नसती. उलट ताराबाईंच्या घरात किराणाच वाजत राहिलं. सुरेशबाबू वडिलांकडे शिकलेले होते, ते बहिणींना शिकवू लागले. आणि हिराबाईंना तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँसाहेबांची.

आता ते मघाचं नातं आठवा. वहीद खाँ म्हणजे गफूरनचे भाऊ. ज्या ताराबाईंमुळे आपल्या बहिणीचा संसार उधळला, त्यांच्या मुलीला या माणसाने गाणं शिकवलं. ऐकायला कमी येत असे म्हणून त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. पण एखाद्या मुलीच्या गळ्यात काय आहे ते त्यांना बरोबर ऐकू आलं. घराणं या शब्दाचा अर्थ मला पुस्तकांपेक्षा या एका गोष्टीतून जास्त कळला.

पुण्यात या कुटुंबाने नूतन संगीत विद्यालय काढलं, आणि त्याला जोडून नाटकंही. 'सौभद्र' वगैरे संगीत नाटकांत बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या असं ठरवलं. बालगंधर्व ऐन भरात असतानाची ही गोष्ट आहे. स्त्री कशी दिसावी, लाजावी, पदर कसा घ्यावा हे अख्खा महाराष्ट्र एका पुरुषाकडून शिकत होता, आणि त्या वेळी ताराबाईंच्या मुली सुभद्रा म्हणून उभ्या राहिल्या. पैशाच्या दृष्टीने हा उद्योग बुडाला. कर्ज झालं आणि ते फेडायला हिराबाईंना मैफलींमागून मैफली कराव्या लागल्या.

हिराबाईंच्या मैफलींबद्दल माझी आजी सांगायची ते असं की त्या गायला बसल्या की शेजारच्या घरातली बाई गायला बसल्यासारखं वाटे. नऊवारी, डोक्यावरून नीट घेतलेला पदर, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर काही दाखवणं नाही. बाईने तिकीट लावून जाहीर गाणं म्हणजे १९२०च्या दशकात केवढं धाडस होतं, पण त्यांनी ते इतक्या साधेपणाने केलं की नावं ठेवणाऱ्यांना जागाच सापडली नाही. घरंदाज बायका नवऱ्याबरोबर त्यांच्या गाण्याला जायला लागल्या. पुढे १९७० साली पद्मभूषण वगैरे झालं, ते ठीकच. धाकट्या सरस्वतीबाई लहानपणापासून नाटकात होत्या, नंतर सिनेमात गायल्या. १९४३च्या 'रामराज्य'मधली वीणेवरची त्यांची चीज अजून रेडिओवर लागते.

मध्येच एक परदेशातली गोष्ट आठवते. जर्मनीतले संगीतकार रॉबर्ट शुमान आणि पियानोवादक क्लारा. क्लाराच्या वडिलांचा लग्नाला कडाडून विरोध, ते रॉबर्टचेही गुरू. प्रकरण कोर्टात गेलं. १८४० साली लग्न झालं आणि त्या एका वर्षात रॉबर्टने शंभराहून जास्त गाणी लिहिली. प्रेम गाण्यात उतरणं म्हणजे काय याचं उदाहरण म्हणून ते वर्ष सांगतात. पुढे त्याचं मन ढळलं, १८५४ साली त्याने ऱ्हाइन नदीत उडी टाकली, वाचला, पण दोन वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळातच गेला. क्लारा त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं जगली. मुलं वाढवली, गावोगाव पियानो वाजवत हिंडली, नवऱ्याची गाणी लोकांपर्यंत पोचवली, आणि स्वतः संगीत रचणं जवळपास सोडून दिलं. इथे कोणी कोणाला सोडलं नव्हतं, गोष्ट वेगळी आहे. पण हिशेब बघा. प्रेम ज्या वर्षी गाणं झालं ते वर्ष सगळ्यांना माहीत. नंतरची चाळीस वर्षं तळटीपेत.

क्लाराची निदान लिहिलेली गाणी आहेत, वाजवता येतात. ताराबाई खाँसाहेबांकडे शिकल्या, त्यांच्याबरोबर राहिल्या, पाच गळे तयार केले. पण आपण ऐकतो ते त्यांच्याविषयीचं गाणं, खाँसाहेबांच्या आवाजात.

खाँसाहेबांच्या शेवटच्या काळातल्या तबकड्यांमध्ये एक मराठी नाट्यपदही आहे, 'मानापमान'मधलं, देवगंधारातलं. मराठी उच्चार थोडे परके, पण स्वर असा की अर्थ कळला नाही तरी चालावं. ही तबकडी मी नेहमी झिंझोटीच्या जोडीला ऐकते. पुण्यात मुलं मराठी रंगभूमीवर गात होती, आणि इकडे मिरजेचा बाप मराठी रंगभूमीचं पद गात होता. यात एकमेकांना काही निरोप होता असं म्हणायचा मोह होतो. तो मी आवरते, कारण नाट्यपदं तेव्हा सगळेच गात आणि ती खपत. पण मोह होतो खरा.

१९३७च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडून रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. चेंगलपट्टूजवळ सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. रात्रीची वेळ. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा जुळवायला सांगितला, दरबारी कानड्यात प्रार्थना म्हटली आणि तिथेच संपले. तारीख २७. आम्ही रोज फलाटावर उभं राहून आयुष्य काढणारी माणसं, फलाटावर असं काही घडू शकतं हे ऐकून गप्प व्हायला होतं. देह मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला.

घराणं मात्र दोन्ही बाजूंनी वाढत गेलं. खाँसाहेबांच्या बाजूने सवाई गंधर्व, आणि त्यांच्याकडून भीमसेन आणि गंगूबाई हनगल. झिंझोटीची ती तबकडी लहानपणी ऐकून भीमसेन गुरूच्या शोधात अकराव्या वर्षी घरातून पळाले, हे तर सर्वश्रुत आहे. ताराबाईंच्या बाजूने सुरेशबाबू आणि हिराबाई, आणि त्यांच्याकडून माणिक वर्मा, प्रभा अत्रे. सुरेशबाबू १९५३ साली गेले, तुलनेने लवकर, आणि त्यांच्या योग्यतेच्या मानाने फारच कमी नाव घेऊन. त्यांच्या थोड्याशा ध्वनिमुद्रणांत वडिलांचा आवाज असा काही ऐकू येतो की नाव बदलून काय होतं असं वाटावं. प्रभाताई २०२४च्या जानेवारीत गेल्या. ठाण्यात-डोंबिवलीत ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं असेल त्यांनी ताराबाईंच्याच घरातली विद्या ऐकली, हे बहुतेकांच्या लक्षातही नसेल. गाणाऱ्याच्या वंशावळीत गुरूंची नावं लिहितात, गुरूला घडवणाऱ्या आईचं लिहीत नाहीत.

मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी उरुसाला खाँसाहेबांच्या नावाने संगीत सभा होते, चिंचेच्या झाडाखाली. किराण्याचे झाडून सगळे तिथे हजेरी लावून गेले आहेत. हिराबाईही तिथे गायल्या. ज्या घरातून आई त्यांना घेऊन निघाली होती, त्या घराच्या धन्याच्या थडग्याजवळ बसून, आईने दिलेलं नाव लावून, त्याचंच गाणं.

नंतरच्या काळात हिराबाई आणि सरस्वतीबाई या दोघी बहिणी एकत्र गायच्या. खयालाची जुगलबंदी, दोन बायकांची, हे तेव्हा नवीन होतं. ती ध्वनिमुद्रणं मिळतात. ताई, तू मागच्या वेळी "अब्दुल करीम खाँचं काय ऐकू" असं विचारलं होतंस, तर झिंझोटी ऐकच. लगेच पाठोपाठ या दोघींची जुगलबंदी लाव. एक बहीण स्वर सोडते तिथे दुसरी उचलते, कुठे घाई नाही, कोणी कोणाला हरवत नाही. आणि पुण्याच्या काकांकडे माळ्यावर आजोबांच्या तबकड्यांची ट्रंक अजून आहे ना? त्यात हिराबाईंची एखादी निघाली तर पुसून ठेवा. दिवाळीत येते आहे.